धुपात कोंडलेला तात्या

ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमधल्या मराठी बायकांना ऋताबद्दल दोन गोष्टी माहीत आहेत. ती झुइडओस्टला प्राण्यांच्या आश्रमात पिंजरे धुते, आणि तिच्या घरात साप आहे. पिंजरे धुण्याचं त्या कुजबुजत सांगतात, जसं काही तिनं चोरीच केलीय. तिचा नवरा विवेक आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवायला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर राहिला, त्याबद्दल मात्र कुणी कुजबुजत नाही. तो अजूनही सगळ्यांच्या गणपतीला मानाचा पाहुणा. इंजिनियर ना!

बी.कॉम. झालेल्या बाईनं मग काय करायचं? हातात झाडू घेतला. डच शिकली ती पिंजऱ्यांसमोर उभी राहून, कुत्र्यांशी बोलून. आश्रमात कुणीतरी खोक्यात घालून एक अजगर सोडून गेलं होतं, अडीच हात लांबीचा, गरीब. कुणी न्यायलाच येईना, म्हणून ऋता घेऊन आली. नाव ठेवलं तात्या. घरात बोलायला माणूस नव्हतं, तात्या निदान ऐकून तरी घ्यायचा. सापाला कान नसतात हे तिला माहीत होतं. विवेकला होते, त्याचा काय उपयोग झाला?

यंदा जुलैच्या शेवटी सांगलीला आईचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे तात्याला कुठं ठेवणार? मराठी मंडळातल्या, हूफडॉर्पच्या नीलांबरीनं स्वतःहून फोन केला. "अगं, आण आमच्याकडे! श्रावणात नागोबा घरी म्हणजे भाग्यच."

ऋतानं काचेची पेटी नेऊन दिली आणि काचेवर मराठीत कागद चिकटवला: 'खालची गरम चटई बंद करायची नाही. एका बाजूला बत्तीस डिग्री. पाणी बदला. बाकी काही करू नका.'

बाकी काही करू नका. एवढं सोपं काम! पण शिकलेल्या माणसाला काही न करणं जमत नाही.

ती परत आली नेमकी नागपंचमीला. स्किफोल विमानतळावरून बॅगेसकट थेट बस पकडून हूफडॉर्प. दारात बायकांच्या चपला इतक्या की पाय ठेवायला जागा नाही. आत पांढरा धूर. धूप, कापूर, उदबत्त्यांची तीन घरं. आणि छतावरच्या धुराच्या अलार्मला अजितनं, म्हणजे नीलांबरीच्या नवऱ्यानं, शॉवर कॅप घातलेली, रबर ताणून. यंत्र बोंबलू नये याची काळजी घेतली होती पठ्ठ्यानं. काचेच्या आत जो जीव होता त्याच्या नाकाला टोपी कोण घालणार?

पेटीवर हळदीकुंकू. ऋताच्या कागदावर मधोमध स्वस्तिक, 'बत्तीस'वर कुंकवाचा डाग. पाण्याच्या भांड्यात दूध.

तात्या मान सरळ वर करून उभा होता. तोंड उघडं. नाकपुडीपाशी फेसाचा बुडबुडा यायचा, फुटायचा, परत यायचा. श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज.

"बघ, बघ, फणा काढला!" मंडळाच्या सुचेताताई हात जोडून म्हणाल्या. "सकाळपासून ॐ म्हणतोय गं. व्हिडिओ काढलाय मी."

अजगराला फणा नसतो. पण एवढ्या डिग्र्यांच्या गर्दीत हे सांगणार कोण?

ऋतानं बॅग तिथंच टाकली, पेटीत हात घालून चटई चाचपली. थंडगार.

"अजित, चटई कुणी बंद केली?"

"मीच. दिवसभर घरी कोणी नसतं, फायर हझार्ड आहे ते," अजित म्हणाला. "आणि ऑगस्ट आहे. रूम टेम्परेचर परफेक्ट होतं, बावीस."

"खोलीला बत्तीस लागत नाही. त्याला लागतं. कागदावर लिहून दिलं होतं."

"मी रिसर्च केला होता, ऋता. जंगलात कुठं चटई असते?"

"जंगल कुठं हूफडॉर्पला असतं?"

एक बाई फिसकन हसली. सुचेताताईंनी तिच्याकडे बघितल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला.

"हा ॐ नाही," ऋता म्हणाली. "घरघर आहे ही. छातीत पाणी झालंय. तोंड उघडं आहे कारण नाकानं श्वास येत नाहीये, मान वर आहे कारण खाली केली तर गुदमरतो. नीलांबरी, उशीचा अभ्रा दे."

"अगं, पण पूजा अर्धी आहे!" नीलांबरी दारात आडवी आली. "अजून आठ जणी यायच्यात. संध्याकाळी ने ना, प्लीज. मी सगळ्यांना बोलावलंय."

"तो मेला तर दाखवणार काय त्यांना?"

"असं अभद्र बोलू नये आजच्या दिवशी."

तात्याला गुंडाळायला ऋतानं तिचीच ओढणी ओढली तेव्हा कुठं अभ्रा आला. तात्याला त्यात गुंडाळून जॅकेटच्या आत, पोटाशी धरलं आणि निघाली. मागून सुचेताताई म्हणाल्या, "अर्धी पूजा मोडली. आता काही झालं तर दोष हिचा."

वा! मारायचं यांनी आणि दोष नेणारीचा.

ॲमस्टरडॅममधल्या सापांच्या डॉक्टरणीनं तोंडात कापूस फिरवून नमुना घेतला, छातीचा फोटो काढला आणि म्हणाली, न्यूमोनिया. थंडीनं सुरू झाला, धुरानं वाढला. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, सहा आठवडे. जगेल? "कदाचित," ती म्हणाली. डच लोक 'कदाचित' म्हणतात तेव्हा ते धीर देत नसतात.

इंजेक्शन ऋता घरीच द्यायची, पण एकानं धरायला लागतं. दुसऱ्या आठवड्यात नीलांबरीचा फोन आला.

"जिवंत आहे ना गं? मला रात्रीची झोप नाही. सुचेताताई म्हणतात नागाचा शाप सात पिढ्या—"

"शाप सोड. ये आणि धर त्याला. पाच मिनिटं."

"धरू? हातानं?"

"नाहीतर काय, आरतीच्या ताटानं?"

नीलांबरी आलीच नाही. पूजेला हात होते, धरायला नव्हते. मग ऋतानं तात्याला टॉवेलात गुंडाळून गुडघ्यांत धरायला सुरुवात केली. एका हातानं कातडी उचलायची, दुसऱ्यानं सुई. उरलेली सगळी इंजेक्शनं अशीच. कामावरून आली की पहिल्यांदा काचेला कान लावायचा. चौथ्या आठवड्यात शिट्टी थांबली. पाचव्यात मान खाली टेकवून झोपला. ऋता तिथंच जमिनीवर बसून रडली, कोट न काढता.

सहाव्या आठवड्यात त्यानं पहिला उंदीर खाल्ला. पितृपक्ष चालू होता. ऋतानं फोटो काढला, उंदराची शेपटी तात्याच्या तोंडाबाहेर लोंबतेय असा, आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'नागोबा बरे आहेत. दूध पीत नाहीत, हे खातात.'

सुचेताताईंनी ग्रुप सोडला. अजितनं विचारलं, "टेम्परेचर किती ठेवलंस?"

"बत्तीस," तिनं लिहिलं, आणि फोन पालथा ठेवला.