राव मामींचा घोडा

राव मामींकडे जेवणाची नुसती स्तुती केलेली चालत नसे. "सांबार झकास झालंय" असं कुणी म्हणालं, की त्या पळी हातात धरूनच विचारत, "त्यात कुठली भाजी आहे, सांग पाहू." पाहुणा गडबडून वाटीत डोकावला की खदखदून हसत. इतक्या मोठ्यानं, की चेन्नईतल्या तांबरमच्या त्या गल्लीत समोरची माणसं गॅलरीत येत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पेरुंगुडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लागली होती आणि मामींच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. मामी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. प्रश्नाच्या शेवटी त्या तमिळसारखा 'आ' लावत. "जेवलीस आ?" "पंखा चालतो आ?" तरुणपणी त्या तमिळमध्ये गोष्टी लिहीत, एवढंच मला ठाऊक होतं. मीही सुटीच्या दिवशी बसून इंग्रजीत एक कादंबरी पुरी केली होती, सांगलीच्या हळदबाजारातल्या दोन बहिणींची. तिच्या पहिल्या वाचक मामी. पेन्सिल घेऊन, सावकाश, पण पान न् पान त्यांनी वाचलं.

मग मला ई-मेलवर एक एजंट भेटला. प्रकाशक मिळवून देणं हा त्याचा धंदा. कादंबरी पाठवली आणि लगेच उत्तर आलं, 'मी हिच्या प्रेमात पडलोय.' मी हवेत! परदेशात पुस्तक काढू म्हणाला. मात्र त्याआधी संपादनाचा खर्च मी द्यायचा आणि करारावर सही करायची. तो चेन्नईला येणारच होता. हे ऐकून मामी तोंड गोड करतील असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी जेवायला बोलाव त्याला."

गृहस्थ रुबाबदार होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. पायसम वाढता वाढता मामींनी इंग्रजीत विचारलं, "सार, शेवटी तो घोडा मरतो, ते तुम्हाला पटलं का?"

मी दचकले. माझ्या कादंबरीत घोडा नव्हताच.

त्यानं चमचा खाली ठेवला, क्षणभर डोळे मिटले. "मॅडम, घोडा मरायलाच हवा होता. तिथं मी रडलो."

मामींनी त्याला आणखी पायसम वाढलं. "आजवर कुणाची पुस्तकं विकलीत? एकदोघा लेखकांचे फोन द्या, मी बोलते." ते गोपनीय असतं, तो म्हणाला. "बरं. मग पुस्तक विकलं की त्यातला तुमचा वाटा घ्या. आधीच पैसे कशाचे?" यावर त्याला एकाएकी गाडीची वेळ आठवली. मामींनी त्याला पानसुपारी दिली, फाटकापर्यंत जाऊन निरोप दिला, आणि परत येऊन झोपाळ्यावर बसून पोट धरधरून हसल्या.

मला मात्र रडू आवरेना. ते पाहून त्या हसायच्या थांबल्या आणि मला लाडानं 'अम्मा' म्हणत सांगू लागल्या.

"माझी एक गोष्ट होती अम्मा. नात्यातला एक मोठा माणूस छापून आणतो म्हणून घेऊन गेला. कागदावर सही कर म्हणाला, केली. वाचून बघायची लाज वाटली. पुढं तिचा सिनेमा झाला, त्याच्या नावानं. मी तिकीट काढून पाहिला."

"मग?"

"शेवट बदलला होता मेल्यानं. माझा चांगला होता." त्या हसल्या, पण या वेळी ते हसू झोपाळ्यापुरतंच राहिलं. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली नव्हती.

पुढं एका लहानशा प्रकाशनानं माझी कादंबरी स्वीकारली. करार आला तेव्हा मी पेन उघडूनच बसले. मामींनी ते काढून घेतलं. "मोठ्यानं वाच." जिथं मी अडखळे, तिथं त्या झोपाळा थांबवत. "हे काय आहे?" "कळत नाही." "मग फोन कर, विचार. विचारल्यावर चिडला तर समज, तो आपला नव्हे." प्रकाशक चिडला नाही. सिनेमाचे हक्क माझ्याकडेच ठेवायलाही तो सहज कबूल झाला.

त्या दिवशी मी म्हटलं, "मामी, आता तुम्ही लिहा." "या वयात आ?" असं म्हणत त्यांनी उडवून लावलं. पण सुटीच्या दिवशी दुपारी खालून कुकरच्या शिट्ट्या उशिरा यायला लागल्या, तेव्हा मी ओळखलं. गोष्ट पुरी झाल्यावर त्या स्वतः लोकलनं एका साप्ताहिकाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या संपादकाला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की बिचाऱ्यानं त्यांच्यासाठी दोनदा कॉफी मागवली.

पुण्याची नोकरी मिळून मी सामान बांधत होते, त्या दिवशी तो अंक आला. मामी धापा टाकत माडी चढून आल्या.

"मामी, मला तमिळ वाचता कुठं येतं?"

त्यांनी माझं बोट धरलं आणि शीर्षकाखालच्या ठळक अक्षरांवरून एकेक करून फिरवलं. "य. मु. ना. बा. य." गल्लीला त्या राव मामी, फाटकावरच्या पाटीवर यजमानांचं नाव, इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "ही मी," त्या म्हणाल्या.

मामी आता नाहीत. तमिळ मला अजूनही वाचता येत नाही. तेवढं एक नाव येतं.