कपाळावरचा थर

गंगापूर रोडवरच्या माझ्या कार्यशाळेत लोक जुनी चित्रं तपासायला आणतात. बहुतेकांना चित्र कुणाचं आहे हे जाणून घ्यायचंच नसतं. स्वतः आधीच ठरवलेल्या उत्तराखाली त्यांना माझी सही हवी असते. अशा मंडळींचा मला मनापासून वैताग येतो आणि मी तो लपवतही नाही.

देवळ्याहून आलेल्या त्या बाई तशा नव्हत्या. सत्तरीच्या असतील. लुगड्यात गुंडाळून आणलेलं आईचं तैलचित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. वडील चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी ते दिवाळीत, आजारपणात काढलं आणि उन्हाळ्यात ते क्षयानं गेले. बाई तेव्हा पाळण्यात होत्या. चित्रातल्या आईचं कपाळ मोकळं होतं. वडिलांच्या तेराव्यानंतर थोरल्या चुलत्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणारा बोलावला आणि चित्रातलं कुंकू पुसून घेतलं, असं आई जन्मभर सांगत आली. मरताना तिनं लेकीकडून वचन घेतलं, की माझं कुंकू परत आण.

मी त्यांना आमच्या कामाची रीत सांगितली. वरचा रंग परक्याचा असेल तर काढीन; चित्रकाराचाच असेल तर त्याला हात लावणार नाही, कारण मग तेच खरं चित्र. बाईंनी मान हलवली. दुसरी शक्यता त्यांच्या मनातही आली नसावी.

अतिनील दिव्याखाली धरलं की वॉर्निशवर नंतर चढवलेला रंग काळपट डागासारखा दिसतो. इथे तसा डाग नव्हता. मग मी कपाळावरून मोहरीहून बारीक कण काढला आणि त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. खाली कुंकवाचा लाल, वर त्वचेचा रंग. मध्ये धूळ नाही, काजळी नाही, आणि दोन्ही रंग एकमेकांत ओढले गेलेले. म्हणजे लाल ओला असतानाच, चित्र काढलं त्याच दिवसांत, वरून ब्रश फिरला होता, वडील जिवंत असताना. ते डावखुरे होते, हे बाईंनी सांगितलं होतं. बाईंनी सोबत आणलेल्या, त्यांच्या सहीच्या दुसऱ्या चित्रात ब्रशचे फटकारे नेहमीपेक्षा उलटे तिरपे पडले होते, आणि कपाळावरचेही तसेच होते.

मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. स्वतः जिवंत असताना बायकोचं कपाळ पुसायचं आणि ते तिच्याच घरात टांगायचं? त्यानं असं का केलं, हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना ते थर दाखवले आणि कुंकू परत येणार नाही हे सांगितलं. त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. चित्र त्या दिवाळीपासूनच चुलीसमोरच्या भिंतीवर होतं असं आईच सांगायची, त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हणजे आईला ठावं होतं."

पुढचं त्यांनीच सांगितलं. त्याच चुलत्यांनी त्यांना वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. कुंकवाचं विचारलं की ते दरवेळी एवढंच म्हणत, की मी पुसलं नाही. घरात कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हातारपणी तर कुणी त्यांच्याशी बोलतही नव्हतं.

"त्यांच्या मातीलाही गेले नाय मी," बाई म्हणाल्या. "गावातच व्हते. दाराला कडी घालून बसले."