सोमवारची मोजणी

इलाहीची रेघ सरळ यायची. रस्त्याच्या खात्यात तो रंगारी होता. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये चुन्यात बुडवलेली सुतळी, आणि उकिडवा बसून मागं मागं सरकत ओढलेला पांढरा पट्टा. शाहूपुरीतून उद्यमनगराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला सायकलींसाठी वेगळी वाट आखायची ठरली, तेव्हा ती दीड मैलाची रेघ त्यानं एकट्यानं ओढली. रेघेवर दहा-दहा पावलांवर दगड बसले. सकाळी साडेसातला डबे लटकवलेल्या सायकली त्या पट्ट्यातून अशा सुटायच्या की, बाहेर उभ्या माणसाला पलीकडची दुकानं दिसायची नाहीत.

त्याच पट्ट्याच्या जिवावर इलाहीनं ताजबीला, आपल्या मुलीला, कामाला पाठवलं. उद्यमनगरात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा एक छोटा कारखाना होता. बारीक तांब्याची तार गुंडाळायला मालकाला पोरींची बोटं हवी होती. ताजबीची बोटं चालायचीही झपझप. पण इलाहीचा थोरला भाऊ लालासाब आडवा आला.

"जवान पोरगी ट्रकांच्या मधनं सायकल मारत जाणार? लोक काय म्हणतील?"

"ट्रकांच्या मधनं कशाला? पट्ट्यातनं जाईल."

"मग ऐक. पट्टा हाय तवर जाऊ दे. पट्ट्याच्या भाईर दिसली, की त्या दिवशी सायकल बंद. देतोस जबान?"

इलाहीनं जबान दिली. त्यात काय देण्यासारखं होतं? पट्टा कुठं पळून चालला होता!

पाच वर्षं ताजबी गेली आणि आली. तिच्या हाताखाली आणखी दोन पोरी शिकायला बसल्या. मालक तिला "ताजबीबाई" म्हणायला लागला. त्या दिवशी घरी येऊन तिनं आईला, रोशनबीला, तीनदा सांगितलं, "बाई म्हणाला, बाई!"

मग एकोणऐंशी साल उजाडलं आणि गावाला स्कूटरी फुटल्या. दुकानांसमोर गाड्या लावायला जागा उरेना. दुकानदारांनी अर्ज केला, की सायकलचा पट्टा काढा, रस्ता मोकळा करा. पेपरात पत्रं यायला लागली. चहाच्या गाड्यावर तोच विषय. पुढारपण हंबीररावांकडं होतं. त्यांचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान नेमकं पट्ट्यासमोर.

"सायकल ही गरिबीची खूण हाय," हंबीरराव बशीत चहा ओतत म्हणायचे. "कोल्हापूर काय जन्मभर गरीबच ऱ्हाणार व्हय?"

"मग गरिबी काढा की मालक," फाउंड्रीत ओतकाम करणारा पिराजी म्हणायचा. "पट्टा कशाला काढताय?"

गाडा हसायचा. हंबीररावही हसायचे. त्यांना हसायला परवडत होतं.

शेवटी खात्यानं ठरवलं, की पट्ट्यावरून सायकली जातात किती ते एक दिवस मोजायचं आणि मग जाहीर सभा घेऊन निकाल करायचा. मोजायला इलाहीला बसवलं, कारण इलाही एकाचे दोन करत नाही हे सगळ्या खात्याला माहीत होतं. क्लार्क बाळासोनं त्याच्या हातात कागद ठेवला.

"परवा सकाळी सात ते सांज सात. एक सायकल, एक रेघ."

"परवा सोमवार हाय, बाळासो."

"मग?"

"उद्यमनगराला सुट्टी न्हाय व्हय सोमवारी? कुत्रं सुदिक फिरत न्हाय तिकडं."

"साहेबास्नी मंगळवारी कागद पायजे."

"साहेब नवं हाईत, त्येस्नी ठावं नसंल. तू हितलाच हाईस की!"

बाळासोनं पेनाचं टोपण लावलं. "इलाही, तुला मोज म्हटलंय. मोज."

"मग कागदावर लिवतो, सुट्टीचा वार म्हणून."

"कुठं लिवतोस? रकाना दाव की मला."

रकाना नव्हता.

सोमवारी इलाही फूटपाथवर पोतं टाकून बसला. चार उभ्या रेघा, एक आडवी. एक दूधवाला गेला. थोड्या वेळानं एक पोस्टमन. दुपारी ताजबी डबा घेऊन आली, तिलाही सुट्टीच होती. तिनं कागद बघितला आणि तिथंच बसली.

"अब्बा, एवढंच?"

"गेलं तेवढं."

"बाकीच्या दिवशी हजारानं जात्यात. तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय."

"व्हय."

"मग मारा की रेघा! कोण बघतंय?"

इलाहीनं भाकरीचा तुकडा मोडला. "तीस वर्सं खात्यात हाय. न गेलेल्या सायकलीची रेघ मी मारू?"

"खोटं कुठं हाय त्यात? उद्याच्या आजच मारा."

"उद्याच्या उद्या जातील, ताजे. कागद आजचा हाय." मग म्हणाला, "सभेत सांगतो की मी. उभा ऱ्हाऊन सांगतो, सोमवार हुता म्हणून. माणसं काय येडी हाईत?"

ताजबी रिकामा डबा घेऊन निघाली. तिची सायकल गेली, तेव्हा त्यानं तिचीही एक रेघ मारली. संध्याकाळी बेरीज झाली दोनशे चौदा. इलाहीनं खाली सही केली.

सभा बुधवारी दुपारी चार वाजता, एका शाळेच्या सभागृहात. त्या वेळी कारखान्यांत पाळी चालू असते. त्यामुळं पुढच्या सहा रांगा दुकानदारांच्या, आणि मागं अर्धा दिवस बुडवून आलेले पिराजीसारखे आठ-दहा जण, हाताला भट्टीची काजळी. साहेबांनी कागद वाचला. "दिवसभरात सायकली दोनशे चौदा."

मागून आरडाओरडा झाला. इलाही उठला. खाकी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"साहेब, मी मोजल्यात. त्यो सोमवार हुता."

"हा कागद तुमचा?"

"व्हय जी."

"सही तुमची?"

"माझीच."

"मग आकडा खोटा आहे का?"

"आकडा खरा हाय साहेब. वार चुकीचा हाय."

"मी वाराचं विचारत नाही. आकडा खरा की खोटा?"

पिराजी मागून दबक्या आवाजात म्हणाला, "खोटा म्हण. इलाही, खोटा म्हण."

इलाहीनं एकदा मागं बघितलं.

"खरा," तो म्हणाला.

पुढच्या सहा रांगांनी टाळ्या वाजवल्या. हंबीरराव तर उठून उभे राहिले. "अशी माणसं पायजेत खात्यात! शाब्बास इलाही!"

"बस खाली," पिराजी म्हणाला. "लई झालं तुझं खरं."

पंधरवड्यात पट्टा गेला. दगड उपटले आणि रेघेवर डांबर ओतलं. तेही काम इलाहीच्याच टोळीला लागलं. जाता-येता सायकलवाले घंटी वाजवून म्हणायचे, "मोजा पावणं, मोजा!" त्यांत बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसानंही त्याला परक्यासारखं पावणं म्हणावं! पिराजीनं तर तेही म्हटलं नाही.

काम संपलं त्या संध्याकाळी लालासाब आला. चहाला नको म्हणाला.

"पट्टा गेला, इलाही."

"गेला."

"मग?"

रोशनबी चुलीपासून म्हणाली, "भावजी, आता ती शाणी हाय. कडंकडंनं जाईल. तिचा मालक सुदिक येऊन गेला, म्हणाला, पोरगी सोडवत न्हाय मला."

"मी तुझ्याशी बोलत न्हाय, रोशनबी. जबान ह्यानं दिल्ती."

ताजबी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळ्यांनी इलाहीकडं बघितलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दाला सोमवारच्या कागदासारखी सही नव्हती, शिक्का नव्हता. लालासाब दोन दिवस रागावला असता, ईदला पुन्हा शिरखुर्मा खायला आला असता.

"दिल्ती," इलाही म्हणाला. "उद्यापासनं जाणार न्हाय ती."

लालासाबनं मान हलवली आणि चपला घातल्या. तो गेल्यावर ताजबी पुढं आली. रडत नव्हती. कारखान्यात शिकाऊ पोरींना विचारावं तसं तिनं विचारलं,

"साहेबाला खरं बोललासा. बडे अब्बाला दिलेली जबान पाळलीसा. मला काय दिलंसा, अब्बा?"

इलाही उठला, हात धुऊन पाटावर बसला. तिला म्हणाला, "वाढ."

रोशनबीनं पोरीकडं बघितलं. ताजबी जागची हलली नाही. मग रोशनबीच उठली, आणि तिनं ताट वाढलं.