टिकलेला मोठा की चमकलेला

बर्फ म्हणजे माझ्यासाठी नाशिकरोडला उसाच्या रसाच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. त्या बर्फावर माणसं धावतात, काठ्या घेऊन एकमेकांवर आदळतात, दात पाडून घेतात आणि त्यातून मोठे खेळाडू होतात, हे मला कळलं ते सौदी अरेबियात. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसावा असं ऊन असायचं, आणि आत आमच्या केबिनमध्ये आइस हॉकीवर वाद चाललेला असायचा.

आम्ही खोबरला राहायचो. धाहरानच्या पुढे एका गॅस प्लांटवर मी कॉम्प्रेसर, पंप अशा फिरणाऱ्या यंत्रांची देखभाल बघायचो. आमचा प्रमुख एक म्हातारा कॅनेडियन होता. आमच्यातला तिसरा केरळचा, माझ्याहून बराच तरुण इंजिनिअर. दुपारी तिघं एकाच टेबलावर जेवायचो. म्हाताऱ्याला जेवताना एकच विषय लागायचा, कुठल्या काळातला कुठला खेळाडू मोठा.

मला नावं पाठ झाली, सामना मात्र एकही नीट पाहिलेला नव्हता. पण वादाला सामना कशाला लागतो? म्हाताऱ्याचा लाडका खेळाडू थोडीच वर्षं खेळलेला, गुडघा गेला म्हणून लवकर संपलेला. माझा लाडका केस पिकेपर्यंत बर्फावर उभा राहिलेला.

"तुझा माणूस नुसता टिकला," म्हातारा म्हणायचा. "माझ्या माणसाने खेळ बदलला."

"आणि दोन पावसाळ्यांत घरी बसला."

"आमच्याकडे पावसाळे मोजत नाहीत."

"म्हणूनच तुम्हाला टिकण्याची किंमत कळत नाही."

केरळवाला डब्यातून मान वर न करता म्हणायचा, "मला दोघंही माहीत नाहीत. पगार कुणाला जास्त होता ते सांगा, मग मी ठरवतो."

म्हाताऱ्याचे नियम मात्र पक्के होते. नुसते गोल मोजायचे नाहीत. ज्या काळात गोलकीपर तोंडाला मुखवटा न लावता उभा राहायचा त्या काळातला गोल वेगळा, आजचा वेगळा. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या लोकांशेजारी उभं करायचं, मग बघायचं तो किती उंच दिसतो. मला हे पटायचं. माझे वडील गवंडी होते. घरात मीच पहिला पदवीधर, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही, उलट दोनदा सांगायचो. वडिलांचा हिशेब सोपा होता, भिंत उभी आहे ना, मग काम चांगलं. माझा लाडका खेळाडू मी त्याच हिशेबाने निवडला होता.

एका सुट्टीला म्हातारा मला आणि माझ्या मुलीला खोबरच्या मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर घेऊन गेला. मी कठडा धरून उभा. मुलगी दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा सुटली. म्हातारा मात्र बुरखेवाल्या आया आणि किंचाळणारी पोरं यांच्या मधून असा वाहत गेला, की मी त्याला हाक मारायचं विसरलो. तो परत आला तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, ही इज समवन एल्स हिअर." मला तो माणूस फार आवडायचा, हे सांगून टाकतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

मग सौदायझेशनने, म्हणजे परदेशी लोकांच्या जागी सौदी लोक नेमायच्या धोरणाने, जोर धरला. आधी ऑफिसातले लोक बदलले, मग स्टोअरमधले, मग आमच्याकडे आले. आमच्या विभागात परदेशी इंजिनिअरच्या दोन जागा होत्या, त्यांतली एक सौदी माणसाला द्यायची ठरली. म्हणजे मी किंवा केरळवाला. मुदीरने, म्हणजे आमच्या सौदी मॅनेजरने, म्हाताऱ्याला सांगितलं, "तू दोघांना ओळखतोस. कुणाला ठेवायचं, तूच एक नाव दे."

माझी मुलगी तेव्हा अकरावी संपवत होती. नोकरीबरोबर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला की तिची शाळा संपणार, बारावी अर्धवट टाकून नाशिकला जावं लागणार. मला फक्त तिची बारावी पार पडेपर्यंत वेळ हवा होता.

हे मी म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं. केबिनमध्ये जाऊन, दार लावून, सरळ शब्दांत. बायको रोज विचारायची, "बोललात का?" मी म्हणायचो, "बोलणं चालूच आहे." आणि ते खोटं नव्हतं. त्या महिन्यात मी जेवणाच्या टेबलावर त्या पिकल्या केसांच्या खेळाडूसाठी असा भांडलो, की केरळवाला खुर्ची मागे सरकवून बघत राहिला. मी म्हणालो, जो प्रत्येक मोसमात हजर राहतो त्याच्यावर संघ उभा असतो. चमकणारे येतात, जातात. मी म्हणालो, अशा माणसाला बाहेर बसवणारा प्रशिक्षक मला दाखवा, मी त्याला वेडा म्हणेन.

म्हातारा चमचा खाली ठेवून म्हणाला, "कधीकधी प्रशिक्षकाकडे पुढचा एकच मोसम असतो."

माझी गोष्ट पोचली असं मला वाटलं. त्याचं उत्तरही त्यातच होतं, पण ते मी हॉकीचं उत्तर समजून ऐकलं. स्वतःसाठी तोंड उघडायला लाज वाटणारी आमच्यासारखी माणसं असं कुणा तिसऱ्याच्या आडून मागतात. आणि नकारही तसाच येतो.

आठवडाभराने त्याने मला बोलावलं. "मी त्याचं नाव दिलं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "आपण नेहमी करतो तसंच. तू टिकलास. तो आत्ता चमकतोय."

मी थँक यू म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

घरी बायकोने ऐकलं आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून ती बाहेर गॅलरीत गेली. जळल्याचा वास सुटला तेव्हा मुलीने येऊन गॅस बंद केला. "इट्स ओके, पप्पा," ती म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिचं रडणं मला ऐकू आलं नाही. ते जास्त लागलं.

माझ्या खुर्चीवर एक सौदी मुलगा आला, नुकता इंजिनिअर झालेला. मी त्याला यंत्रं दाखवत फिरलो. त्याच्यावर चिडायचं मी ठरवूनच ठेवलं होतं. पण त्याने सांगितलं, त्याचे वडील जिझानकडे बकऱ्या राखायचे आणि घरात तोच पहिला शिकलेला. मग चिडणंही जमेना.

शेवटच्या दिवशी केक आला, शील्ड आलं, अशा वेळी सगळ्यांना मिळतं तसंच. म्हातारा बोलायला उभा राहिला. म्हणाला, "हा माणूस कुठल्याही काळात कुठल्याही संघात बसला असता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वाक्याचं वजन त्या खोलीत आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्याने हे फार थोड्या खेळाडूंबद्दल म्हटलं होतं. माझ्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

तो पार्किंगपर्यंत आला. मी शील्ड मागच्या सीटवर टाकलं आणि विचारलं, "कुठल्याही काळात, मग या काळात का नाही?"

त्याने गाडीचं दार धरलं. मग म्हणाला, "माझ्याच्याने आता प्लांटवरचे उंच टॉवर चढवत नाहीत. वर्षभरापासून तो माझ्या वाटचं चढतो, कुणाला कळू देत नाही. तो गेला असता तर मी पण गेलो असतो. मला अजून एक वर्ष हवं आहे. बायकोच्या औषधांसाठी."

म्हणजे टिकणं नाही, चमकणं नाही, काहीच मोजलं गेलं नव्हतं. मी गाडीत बसलो. तो काच वाजवत काहीतरी म्हणत होता. मी एसी सुरू केला.

आता वाटतं, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी मोठ्या मनाने बाजूला झालो असतो का? नाही. माझी मुलगी अकरावीत होती. मी त्याच्याशी भांडलो असतो, पण समोरासमोर, हॉकीचं नाव न काढता, आणि हरलो असतो तरी तो माझा मित्र राहिला असता. ते सुख त्यानेही दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. नाशिकला मुलीला बारावीला मधेच प्रवेश मिळवताना ज्या शाळांच्या बाकांवर मी बसलो, तिथे शेजारी कुणी खेळाचं काही बोलायला लागलं की मी उठून दुसरीकडे जाऊन बसायचो.