दौलतकाका आणि गगनरावाचा दुसरा भाग

दौलतकाका वज्रेश्वरीच्या एसटीत चढण्याआधी तीन जणांना विचारायचे, "ही वज्रेश्वरीलाच जाते ना?" गाडीवर पाटी असायची. पण "पाटी काय, कालची बी असंल," हे त्यांचं म्हणणं. तिघांनीही हो म्हटलं की काका आणखीच सावध व्हायचे. "तिघं एकच सांगतात, म्हंजे ठरवून सांगतात." तोवर गाडी सुटायची आणि काका स्टँडवरच राहायचे.

मूळचे खारबावचे, राहायला आमच्या आळीत. भिवंडीत एका कापडाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम, यंत्रमाग, चालू करून देणारे. हात इतके तयार की डोळे मिटून तुटका धागा जोडत. पण लूम दुरुस्त झाल्यावरही अर्धा तास त्याच्याकडे टक लावून बसायचे. "आत्ता चालतोय. मी पाठ फिरवली की बघ."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जयंतीला आमच्या आळीत नाटक व्हायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, आणि स्वतःला दीडशहाणा नव्हे, चांगला दोन शहाणा समजणारा. मी 'गगनराव' लिहिलं. गगनराव म्हणजे उडणारा, अचाट ताकदीचा वीर, आणि तो अर्थात मीच. लाल कापडाचा झगा घालून मी दोरीवरून स्टेजच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलो. दोरी दौलतकाकांची. मला बांधण्याआधी ते स्वतः लेंग्यासकट तिला लोंबकळले. "आधी मी मरतो, मग तू उड," म्हणाले. लोकांनी शिट्ट्यांनी आळी डोक्यावर घेतली.

मग काय, पुढच्या वर्षी 'गगनराव पुन्हा आला'! दुसरा भाग म्हटल्यावर सगळं मोठं हवं. या वेळी चाळीच्या गच्चीवरून, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, थेट स्टेजवर उतरायचं असं मी ठरवलं. काका दोन दिवस गच्चीकडे बघत राहिले, मग तयार झाले. दोरी ताणली, कप्पी लावली, सकाळी धान्याचं पोतं तीनदा सोडून पाहिलं.

त्या संध्याकाळी खाली माणसांचा पूर. पुढच्या रांगेत काकांचे शेठसुद्धा. मी गच्चीच्या कडेला उभा, आणि काका माझ्या कमरेच्या पट्ट्याला गाठ मारतायत. मारली, सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदाही सोडली आणि म्हणाले, "उडायचं न्हाय."

"काका, खाली लोक ओरडतायत! दुसऱ्या कुणाला तरी बांधू द्या."

"दुसऱ्याच्या गाठीवर तुला सोडू?"

माझं डोकंच फिरलं. काकांचा पुतण्या प्रकाश. त्याला गगनराव व्हायचं होतं आणि मी त्याला घेतलं नव्हतं. मी तोंडावर म्हटलं, "प्रकाशला घेतलं नाही म्हणून सूड उगवताय ना?" काकांनी खाली वाकून माझा पट्टाच सोडून घेतला. मग तर माझी खात्रीच पटली.

आकाशातला वीर चाळीच्या जिन्याने खाली आला. झगा खिळ्यात अडकून फाटला. स्टेजवर खलनायकाने विचारलं, "काय गगनराव, आज पायी?" मी म्हटलं, "वर लय ट्रॅफिक होती!" लोक हसून हसून लोळले. नाटक निभावलं, पण माझा राग विझला नाही. मी आळीभर सांगत सुटलो, काकांनी पुतण्यासाठी घात केला म्हणून. लोकांनाही ते पटलं. काका म्हणायचे, "मनात शंका आली, बस." प्रकाश दिसला की पोरं थुंकायची. महिनाभर मी काकांशी बोललो नाही.

एका दुपारी त्यांनी मला कारखान्यामागच्या टपरीवर बोलावलं. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी उचलला, तरी अर्धा सांडला.

"बोटं मेलीत. गाठ बसली का सुटली, कळत न्हाय. दुसऱ्यावर माझा भरोसा नव्हताच. त्या दिवशी माझ्यावरबी उरला न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तेव्हाच का नाही सांगितलं?"

"शेठ फुडं बसलेला. हात गेलेला जॉबर कोन ठेवील?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोल. पन प्रकाशवरचा वहीम काढ. त्या पोराला लोक जगू देत न्हाईत."

त्याच संध्याकाळी आळीच्या नाक्यावर उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं, "गच्चीवर माझीच फाटली होती. प्रकाशचा यात काही संबंध नाही. काकांनी माझी लाज झाकली." सगळे असे हसले की विचारू नका! पुढे कित्येक वर्षं मी 'घाबरट गगनराव' होतो. माझ्या लग्नाच्या वरातीतही कुणीतरी ओरडलं, "घोड्यावरून पडू नको रे!"

काकांनी पुढे चार वर्षं लूम सांभाळले. प्रकाशला हाताखाली घेतलं, बारीक काम त्याच्याकडून करून घ्यायचे आणि "शिक, शिक जरा!" म्हणून त्याच्यावरच खेकसायचे. शेठला कधी पत्ता लागला नाही. मग एका उन्हाळ्यात काका गेले.

त्या चार वर्षांत ते मला रोज भेटायचे. चहावाल्याने दूध कुठून आणलं हे विचारायचे, पेपरातली बातमी खरी का हे विचारायचे. पण "माझ्या बोटांचं कुनाला बोललास का?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.