थाळीच्या काठावरची वेल

एक गोष्ट मी अनेक वर्षे लपवून ठेवली. माझी पत्नी सुमन हिने साध्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्यांच्या काठांवर मार्करने वेली काढल्या होत्या. साहेब जेवायला येणार होते आणि मला त्या स्वस्त थाळ्यांची लाज वाटली. मी स्पिरिटच्या बोळ्याने वेली पुसल्या आणि तिला म्हणालो, "धुताना गेला गं रंग. कच्चाच असणार." तिने विश्वास ठेवला आणि मार्कर उचलून ठेवले.

यंदा संक्रांतीला सूनबाई म्हणाली, "आई, वाण म्हणून तुम्हीच रंगवलेल्या थाळ्या लुटू या."

"अगं, माझा रंग टिकत नाही," सुमन म्हणाली, पण नव्या पांढऱ्या थाळ्या आणि मार्कर घेऊन बसली. हात जराही अडखळला नाही. पाहता पाहता त्या प्लास्टिकवर शेवंती उमलली, मोर उभा राहिला. वस्तूला मोल येते ते कुणीतरी तिच्यावर असे जीव लावून वाकल्यामुळेच, हे मला किती उशिरा दिसले!

हळदीकुंकवाला थाळ्यांवर झुंबड उडाली.

"मोराची माझी हं!"

"वा गं वा! दरवर्षी आधी हात तुझाच!"

शेजारच्या मालतीबाईंनी तर आपली थाळी नळाखाली धरून खसाखसा घासली. वेल तसूभरही हलली नाही. "सुमन, पक्का आहे गं रंग!" त्या ओरडल्या, आणि सुमनचा चेहरा असा उजळला की सारे घर तिच्याकडे पाहू लागले.

मी दारातच उभा होतो. सर्वांदेखत म्हणालो, "सुमन, तेव्हाही पक्काच होता. मीच पुसला होता. माझं चुकलं. मला क्षमा कर."