फूटबोर्डाखालची पायरी

आमच्या फ्रिजवर एक लोहचुंबक असतो, हापूस आंब्याच्या आकाराचा. भाचीने कोकणातून आणलेला. एका सकाळी बघते तर हे तो आंबा रुमालात गुंडाळून खिशात घालतायत. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "गाडी बघायला चाललोय. तूही चल."

गाडी म्हणजे साधी नव्हे हो. ह्यांचं लहानपण ठाण्यातलं. त्यांच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे बोटीने आलेली विलायती मोटार होती. मोठे गोल दिवे, दाराखाली लांबलचक फूटबोर्ड. डॉक्टरांनी एकदा ह्यांना तळ्याला फेरी मारून आणलं. झालं, ती फेरी डोक्यात बसली ती बसली. नोकरी झाली, डोंबिवलीत घर झालं, मुलींची लग्नं झाली आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस म्हणतो, आता तशीच गाडी घेणार आणि स्वतः चालवणार. मी म्हटलं, ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?

पण अभ्यास मात्र जोरात. मी भाजी चिरायला बसले की समोर बसून मलाच शिकवायचे. "ह्या गाड्यांत स्क्रू सरळ खाचेचे असतात. फुलीची खाच दिसली की समजायचं, मागाहून कोणी तरी हात घातलाय. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात एकच खूण हवी. वायरींवर कापड विणलेलं हवं, प्लॅस्टिक नको. आणि पत्रा सडला की गॅरेजवाले लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारतात. तिथे चुंबक चिकटत नाही." म्हणून तो आंबा.

गाडी होती ठाण्याच्या खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात. मालक ऐंशीच्या घरातले, शेतीवाडी केलेले, बनियनवर बाहेर आले. डोळ्यांना नीट दिसेना, मुलगा परदेशात, म्हणून विकायला काढलेली. घरामागच्या शेडमधलं कापड त्यांनी ओढलं आणि हे दोन पावलं पुढेच सरकले. डॉक्टरांच्या गाडीची बहीणच ती, रंग तेवढा वेगळा. हे हळूच मला म्हणाले, "हीच गं." मला वाटलं, चला, मिळाली एकदाची.

पण आमच्या लोकांची एक खोड असते. वस्तू मनात भरली तरी आधी तिची खोट काढायची. बाजारात भेंडीचं शेपूट मोडून बघतो ना, तसं. भाजीवालीला त्याची सवय असते. त्या म्हाताऱ्याला नव्हती.

ह्यांनी आंबा काढला आणि रुमालासकट पत्र्यावर फिरवायला लागले. टक, टक, टक... आणि मडगार्डवरून घसरला. "लांबी," हे मोठ्याने म्हणाले. मग दाराचे स्क्रू, "फुलीचे." काच, "एकच मूळची." पूर्वी वळताना दोन दारांमधल्या खांबातून हातासारखा बाण बाहेर यायचा, ती खाच बुजवून गोल दिवे लावलेले, तेही सांगून झालं. बॉनेट उघडलं तर आत जीपचं डिझेल इंजिन.

"अहो अंकल, काळीजच बदललंय की हिचं!"

"साहेब," म्हातारा हसला, "जशी आली तशी पायजे तं तुमी बोटीवरच जायला पायजे होतं."

मला हसू फुटलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात त्यांची बायको सरबताचे ग्लास घेऊन आली. गुडघ्यांनी अधू, डुलत डुलत चालत होती. मला म्हणाली, "घे बाय, घे," आणि गाडीच्या मागच्या दाराशी टेकली. तिथे फूटबोर्डाखाली आणखी एक पायरी लोंबत होती, फणसाच्या लाकडाची, मधोमध झिजून खोलगट झालेली. त्या पायरीवर ती अशी बसली, जशी आपण घराच्या उंबऱ्यावर बसतो.

म्हातारा म्हणाला, "ती माज्या हातची हाय. हिचे गुडगे गेले तवा बसवली. मग गावातली सगळी लग्नं ह्याच गाडीतनं. नवरीला झग्यात पाय उचलता येतोय व्हय? सगळ्या ह्या पायरीवरून देवळाच्या, म्हंजे चर्चच्या, दारात उतरल्या."

आणि हे, माझा शहाणा माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "ते ठीक आहे. पण ही आधी काढावी लागेल. ओरिजिनल नाही ही."

म्हातारी बसल्या जागेवरून उठली. रिकामे ग्लास उचलून आत गेली. म्हाताऱ्याने तिच्या पाठीकडे बघितलं आणि गाडीवर कापड ओढलं.

"नाय इकायची."

"अहो, मी घेतोय! मी फक्त..."

"तुमाला नाय इकायची, साहेब."

रिक्षात कोपरी ओलांडल्यावर हे म्हणाले, "मी घेणारच होतो गं." मला ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याला कसं ठाऊक असणार?

पावसाळा संपल्यावर ह्यांनी मनाचा हिय्या केला आणि मिठाई घेऊन पुन्हा गेले. तोवर म्हातारी वारली होती. घराला कुलूप, म्हातारा मुलाकडे गेलेला, शेड रिकामी. त्यानंतर आणखी गाड्या बघितल्या आम्ही, पार खडवलीपर्यंत गेलो. कुठल्याच गाडीला हे "हीच गं" म्हणाले नाहीत. पुढे ह्यांचे गुडघे धरले आणि चालवायची गोष्टच संपली.

गेल्या हिवाळ्यात घोडबंदर रोडला भाचीकडे गेलो होतो. तिच्या कॉम्प्लेक्सच्या मैदानात जुन्या गाड्या मांडलेल्या. हे काठी टेकत टेकत एकीपुढे थांबले ते हलेनात. नंबर तोच होता. रंग आरशासारखा, वळायचे बाण परत आलेले, स्क्रू सगळे सरळ खाचेचे.

मालक तरुण होता, उत्साही. "काका, शोधून दाखवा! एकही पार्ट बाहेरचा नाही. इंजिनसुद्धा इंग्लंडहून मागवलं."

ह्यांनी एकाही स्क्रूकडे बघितलं नाही. काठी माझ्या हातात दिली, कसेबसे वाकले आणि फूटबोर्डाखाली बोटं फिरवली. "भोकं आहेत बघ अजून," मला म्हणाले.

"हां, तिथे काहीतरी लाकूड ठोकलं होतं कुणी," तो म्हणाला. "टाकून दिलं. बसा ना काका आत, बसून बघा!"

दार उघडलं. ह्यांनी चौकट धरली, पाय उचलला. फूटबोर्डापर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. मी मागून धरलं होतं.

"थांबा काका, स्टूल आणतो."

"नको रे," हे पाय खाली ठेवत म्हणाले. "स्टूल कशाला? ओरिजिनल आहे ती."